अवघड गाणं पास करायचंय? आधी पट्टी ओळखा

आमच्या गेम पार्लरच्या काउंटरवर नाचाच्या मशीनबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न रेटचा नाही, पार्किंगचाही नाही. "दादा, नऊची लेव्हल आरामात होते, अकराची लावली की गाणं मध्येच बंद पडतं. मशीन नीट चालतंय ना?" मशीन नीट चालतंय. रोज उघडण्याआधी प्रत्येक पॅनेलवर, म्हणजे पायाने दाबायच्या चौकोनावर, उभं राहून आम्ही ते तपासतो. पण या प्रश्नाचं खरं उत्तर लांबलचक आहे आणि शनिवारी संध्याकाळी रांगेसमोर ते सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

साधी गाणी जमतात पण पुढची लेव्हल अडते, अशांसाठी हे लिहिलं आहे. पहिल्यांदाच येत असाल तर पत्रक खिशात ठेवा, सर्वांत सोप्या लेव्हलचं गाणं लावा आणि मनसोक्त नाचा.

आमच्याकडे तालाची, म्हणजे गाण्याच्या ठेक्यावर पाय टाकायची किंवा ठोके मारायची, तीन मशीन आहेत. चार बाणांचं डान्स डान्स रिव्होल्यूशन हे कोनामी या जपानी कंपनीचं. ते 1998 मध्ये पहिल्यांदा आलं. पाच पॅनेलचं पंप इट अप कोरियाच्या अँडामिरोचं, 1999 सालचं. तिसरं ताइको नो तात्सुजिन, म्हणजे आपलं "ढोलाचं मशीन". ते नामकोने 2001 मध्ये आणलं. अर्थात आपण खेळतो त्या आवृत्त्या नंतरच्या आहेत.

पट्टी काय मागते?

बहुतेक जण स्क्रीनवरचे बाण बघतात आणि वरची भरत-घटत राहणारी पट्टी विसरतात. गाणं पास की नापास हे मात्र ती पट्टीच ठरवते.

डान्स डान्स रिव्होल्यूशनवर गाणं सुरू होताना पट्टी अर्धी भरलेली असते. पाय वेळेवर पडला की ती वाढते, चुकला की घटते. शून्यावर आली की गाणं तिथेच बंद. शेवटच्या बाणापर्यंत ती तळाला गेली नाही, तर थोडीशी उरली असली तरी पास. पंपचाही हिशोब साधारण असाच. थोडक्यात, नाचाच्या मशीनवर गाणंभर चांगलं खेळायची सक्ती नाही. एकाही ठिकाणी पूर्ण बुडायचं नाही, एवढंच. काठावर पास हाही पासच.

ढोलाच्या मशीनवर उलट आहे. तिथे पट्टी रिकामी सुरू होते, बरोबर ठोक्यागणिक भरत जाते आणि गाणं संपताना ठरावीक रेषेच्या पुढे असावी लागते. मधे कितीही चुकलात तरी गाणं शेवटपर्यंत चालतं, पण रेषा ओलांडली नसेल तर नापास. सोप्या लेव्हलपेक्षा "ओनी" या अवघड लेव्हलवर ती रेषा अधिक पुढे असते.

यावरून खेळायची पद्धत बदलते. नाचाच्या मशीनवर अवघड तुकडा येण्याआधी पट्टी भरून घ्यायची आणि त्या तुकड्यात तग धरायचा. ढोलावर अवघड तुकडा अर्धा सुटला तरी चालेल, पण सोप्या भागातला एकही ठोका वाया घालवायचा नाही. आमच्या पाहण्यात ढोलावर नापास होणारे बरेच जण अवघड जागी नव्हे, तर सोप्या जागी गाफील राहून मार्क घालवतात.

अवघड गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत अवघड क्वचितच असतं. दीड-दोन मिनिटांच्या गाण्यात दहा-पंधरा सेकंदांचा एखादा तुकडा पट्टी खातो. तो तुकडा कुठला, हे खेळणाऱ्याला कळत नाही, कारण तो तेव्हा घामाघूम असतो. म्हणून मित्राला शेजारी उभं करा आणि सांगा, "माझ्या पायांकडे बघू नको, फक्त पट्टीकडे बघ." पट्टी कुठल्या शब्दावर किंवा कुठल्या ठेक्यावर कोसळली, ते त्याला विचारा. मग तिथे नक्की काय बिघडलं हे शोधता येतं: बाण वाचता आले नाहीत, पाय अडकले, की दम संपला. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. दम संपलेल्याने बाणांचा वेग बदलून उपयोग नाही.

बाण वाचता येत नाहीत? वेग वाढवा

हे ऐकून लोक हसतात. वेग वाढवला तर अजून अवघड होणार ना? नाही होत. गाण्याचा वेग तोच राहतो, फक्त बाण स्क्रीनवर जास्त अंतराने मांडले जातात. संथ ठेवलं की अवघड गाण्यात बाणांची गिचमिड होते आणि कुठला आधी, कुठला नंतर तेच कळत नाही. अंतर वाढलं की एकेक बाण सुटा दिसतो.

हिशोब साधा आहे. गाण्याचे मिनिटाला पडणारे ठोके गुणिले तुम्ही निवडलेला वेग. 150 ठोक्यांच्या गाण्याला 3 चा वेग लावला तर 450. हा आकडा डोळ्यांना सोसतो असं दिसलं, तर 180 च्या गाण्याला 2.5 लावा, 225 च्या गाण्याला 2, आणि 300 च्या गाण्याला 1.5. प्रत्येक वेळी 450 च येतात. प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो. आपला शोधा आणि मोबाईलमध्ये लिहून ठेवा. पंपच्या नव्या आवृत्तीत हा गुणाकार मशीनच करतं, तुम्ही फक्त हवा तो आकडा द्यायचा.

गाण्याच्या नावाजवळ 100 ते 200 असे दोन आकडे दिसले, तर गाणं मधे वेग बदलतं. बाण सर्वांत दाट असतील त्या भागाचा वेग धरून हिशोब करा, उरलेल्या भागात थोडी गैरसोय सोसा. काही गाणी मधेच क्षणभर थांबतात. तिथे घाईने पाय टाकू नका, मनात मात्रा मोजत राहा.

मात्रांचा विषय निघालाच आहे तर रंगांचं सांगतो. चार बाणांच्या मशीनवर बाणांचे रंग मात्रेप्रमाणे लावता येतात. ज्यांनी तबल्याचे दोन दिवस जरी क्लास केले असतील त्यांना हे लगेच कळेल: मात्रेवर पडणारा बाण लाल, दुगुनीतला (एका मात्रेत दोन बाण) मधला निळा, चौगुनीतले (एका मात्रेत चार) उरलेले पिवळे. लाल-निळा-लाल-निळा दिसलं की दुगुन. मधे पिवळे आले की चौगुन, पाय दुप्पट वेगाने पडणार. मिनिटाला 150 ठोक्यांच्या गाण्यात चौगुन म्हणजे सेकंदाला दहा बाण, हे आधी माहीत असलं की धक्का बसत नाही. ही सोय आधी सेटिंगमध्ये चालू करावी लागते. जमलं नाही तर आम्हाला हाक मारा. पंपवर मात्र हा नियम लावू नका. तिथे रंग पॅनेल सांगतो, मात्रा नव्हे: वरचे कोपरे लाल, खालचे निळे, मधला पिवळा. एका मशीनवरून दुसऱ्यावर आलेले हमखास इथे फसतात.

आणि नजर अगदी वर, जिथे बाण पोचतो त्या ठिकाणी खिळवू नका. थोडी खाली, स्क्रीनच्या मध्याकडे ठेवा. बाण वर पोचेपर्यंत पाय निघालेला असला पाहिजे.

पाय अडकतात

सगळ्यात मोठी खोड म्हणजे प्रत्येक बाणानंतर पाय मधे परत आणणं. चार बाणांच्या मशीनवर मधली जागा रिकामी आहे, तिथे काहीच मिळत नाही. प्रत्येक बाणाला दोन पावलं खर्च होतात आणि चौगुन आली की पाय पुरत नाहीत. पाय पडला तिथेच राहू द्या, पुढचा बाण दुसऱ्या पायाने घ्या. बाण नसताना पॅनेलवर पाय असला तरी मशीन काही कापत नाही.

पॅनेलच्या मधोमध पाय आपटायचीही गरज नाही. चार बाणांच्या मशीनमध्ये सेन्सर पॅनेलच्या कडांजवळ असतात. म्हणजे आतल्या कडेवर चवडा टेकला तरी पुरतं. पावलं जवळजवळ ठेवा, गुडघे किंचित वाकवा, वजन चवड्यावर घ्या. जोरात आपटल्याने गुण वाढत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या दुकानदाराचा फोन तेवढा येतो.

डावा, उजवा, डावा, उजवा असे पाय आळीपाळीने टाकणं हा पाया. तो पक्का केल्याशिवाय वरची लेव्हल लागणार नाही, इतक्या ठामपणे आम्ही सांगतो. आळीपाळी धरली की कधीकधी पाय एकमेकांना ओलांडतात. उदाहरणार्थ बाण आले डावा, खालचा, उजवा. डाव्या बाणावर डावा पाय, खालच्यावर उजवा पाय, आता उजव्या बाणावर पुन्हा डाव्याची पाळी. इथे घाबरून लोक एकाच पायाने दोनदा मारतात आणि पुढची अख्खी ओळ उलटी पडते. गुडघा पिळू नका, कंबरेतून उजवीकडे वळा, डावा पाय आपोआप पोचतो. मशीन बंद असताना किंवा घरच्या फरशीवर खडूने चौकोन काढून हे दहा-वीस वेळा सावकाश करा.

एकच बाण सलग आला, तर मात्र आळीपाळी सोडा, एकाच पायाने मारा. दोन बाण एकदम आले तर उडी. पंपच्या वरच्या लेव्हलमध्ये तीन पॅनेल एकदम येतात. तिथे एका पावलाने दोन पॅनेल दाबावे लागतात, चवडा एकावर आणि टाच दुसऱ्यावर. हे रुंद पावलाच्या माणसाला सोपं जातं, आणि मुलींनी नाउमेद होऊ नये: पाऊल तिरकं ठेवलं की छोट्या पावलालाही जमतं.

लांब बाणांचं दोन्ही मशीनवर वेगळं आहे. चार बाणांच्या मशीनवर लांब बाण वेळेवर दाबायचा आणि शेवटपर्यंत सोडायचा नाही. सोडला की गेला. पंपवर तो आधीपासून दाबून ठेवला तरी चालतं, सुटला तर पुन्हा पकडता येतो आणि दाबलेला असेपर्यंत पट्टी भरत राहते. म्हणजे पंपवर लांब बाण हा विसावा आहे. तिथे श्वास घ्या.

मागचा दांडा धरावा की नाही, यावर कॉलेजच्या पोरांत रोज वाद होतो. "दांडा धरून खेळणं हा काय खेळ झाला?" असं म्हणणारे म्हणोत. आमचं मत: पास करायचं असेल तर धरा. शरीराचं थोडं वजन हातावर गेलं की पाय हलके होतात आणि चौगुन निभते. फक्त त्यावर लटकू नका. सोप्या गाण्यांना मात्र दांड्याशिवाय खेळत राहा, नाहीतर तोल कधी येणारच नाही.

ढोलाच्या मशीनवर

नाशिकच्या पोरांना इथे आयती पुंजी असते. गणपतीआधी पथकाच्या सरावाला जाणारे मात्रा चुकत नाहीत. पण गंमत अशी की ढोल वाजवणाऱ्यांपेक्षा ताशा वाजवणाऱ्यांना हे मशीन लवकर वश होतं. ढोलाला एका हातात टिपरू आणि दुसऱ्या हाताची थाप. ताशाला दोन्ही हातांत काड्या. मशीनवरही दोन्ही हातांत काड्याच आहेत.

स्क्रीनवर लाल गोळा आला की ठोका ढोलाच्या मधे, निळा आला की कडेवर. ढोलवाल्यांनो, हात खांद्यातून आणू नका, मनगटातून मारा. मिरवणुकीतली ताकद इथे कुणी मोजत नाही. मोठा गोळा दोन्ही काड्यांनी मारला तर गुण जास्त मिळतात, पण एका काडीने मारला तरी ठोका धरला जातो. ज्याला नुसतं पास व्हायचंय त्याने घाईच्या जागी एकाच काडीने घ्यावा.

आणखी एक, जे फार थोड्यांना ठाऊक असतं: पिवळी लांब पट्टी आली की सगळे जीव तोडून बडवतात. त्यातून गुण मिळतात, पण पास-नापासाची पट्टी त्याने हलत नाही. ठोके मारून फोडायच्या फुग्याचंही तेच. पास होणं हेच ध्येय असेल तर तिथे हात मोकळे सोडा, कारण पुढची अवघड ओळ बहुधा लगेच असते.

ओळ कुठल्या हाताने सुरू करायची ते आधी ठरवा. मात्रेवरचा ठोका नेहमी सरावाच्या हातावर येईल असं ठेवलंत, तर लाल-निळ्यांची गुंतागुंत निम्मी होते. स्वतःच्या काड्या आणल्या तर चालतील, फक्त टोकं तासलेली नकोत. मशीनचं कातडं महाग आहे.

दम आणि इतर

दम मशीनवरच वाढवायचा हट्ट नको, त्यात टोकन जातात. सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढणारे आमचे काही ग्राहक दोन महिन्यांत वेगळेच दिसू लागले. घरी बाण वाचायचा सराव करायचा असेल तर स्टेपमॅनिया हा मोफत प्रोग्राम कॉम्प्युटरवर घ्या. त्यात गाणं संथ करून कीबोर्डवर खेळता येतं. पाय सुधारणार नाहीत, डोळे नक्की सुधारतील.

बूट सपाट, पातळ तळाचे हवेत. चपला, सँडल आणि नुसते मोजे घालून नाचाच्या मशीनवर चढू देत नाही, त्यावर वाद घालू नये. थंडीत, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत, आल्याआल्या अवघड गाणं लावू नका. दोन सोपी गाणी खेळून पोटऱ्या गरम करा. मिसळ खाऊन थेट वर चढणाऱ्यांना आम्ही अडवत नाही, पण तासभर थांबलात तर तुमचंच भलं. पाणी सोबत ठेवा, मशीनवर ठेवू नका. गुडघ्यात कळ आली तर त्या दिवशी ढोल खेळा.

एकाच गाण्यावर लागोपाठ नापास होत असाल तर ते सोडून त्याच लेव्हलची दुसरी दोन-तीन गाणी खेळा. एकच गाणं रटत बसलं की पाय चुकीचीच ओळ पाठ करतात, आणि मग ती विसरायला जास्त वेळ लागतो. गाणं डावं-उजवं उलटं करायची सोय सेटिंगमध्ये आहे. अडलेला तुकडा उलटून खेळून बघा. कधीकधी नुसत्या उजव्या पायाऐवजी डाव्याने सुरुवात झाली की तो सुटतो.

सरावाला येणार असाल तर कामाच्या दिवशी दुपारी या. कॉलेज सुटेपर्यंत मशीन बहुधा मोकळी असतात. रांग असेल तेव्हा एका टोकनची गाणी संपली की खाली उतरा, कार्ड पुन्हा रांगेत ठेवा. सेटिंगमधला वेग कसा बदलायचा ते कुणालाही विचारा, काउंटरवरच्यांना नाही तर शेजारी उभ्या असलेल्याला. तो बहुतेक सांगायला उत्सुकच असतो.