सीडी आणि डीव्हीडी: सॉफ्टवेअरने कोणत्या चकतीवर यावे?

सीडी आणि डीव्हीडी शेजारीशेजारी ठेवल्या, तर वरचा छापील मजकूर वाचल्याशिवाय कोणती कुठली हे चटकन सांगता येत नाही. दोन्हींचा व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर आणि मधले भोकही सारखेच. त्यामुळे डीव्हीडी म्हणजे जास्त माल मावणारी सीडी, असा समज सहज होतो. सॉफ्टवेअर कोणत्या चकतीवर द्यायचे हे या समजावर विसंबून ठरवले, तर मात्र निर्णय चुकतो. लिनक्सच्या वितरणांना, म्हणजे लिनक्स ही मुक्त प्रणाली आणि तिच्यावर चालणारे प्रोग्राम एकत्र देणाऱ्या डेबियन, उबुंटूसारख्या संचांना, हा प्रश्न २००५ च्या आसपास प्रकर्षाने पडला होता, म्हणून उदाहरणे मुख्यतः तिथलीच घेतली आहेत.

सीडी वाचणाऱ्या लेझरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर असते, तर डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लेझर लागतो. किरण अधिक बारीक झाल्यामुळे सर्पिल मार्गाच्या दोन वेढ्यांमधले अंतर १.६ मायक्रोमीटरवरून ०.७४ मायक्रोमीटरवर आणता आले. म्हणूनच सीडीच्या ड्राइव्हला डीव्हीडी कधीच वाचता येत नाही आणि कोणत्याही अपडेटने ही उणीव भरून निघत नाही. डीव्हीडीचा ड्राइव्ह मात्र दोन्ही वाचतो, कारण सीडीची सोय त्यात मुद्दाम केलेली असते. सुसंगतता अशी एकाच दिशेने चालते, आणि पुढच्या सगळ्या निर्णयाचे मूळ इथेच आहे.

दुसरा फरक चकती हातात धरून तिरपी पाहिली की समजतो. सीडीतला माहितीचा थर छापील बाजूला अगदी लागून असतो आणि त्यावर संरक्षणाला लॅकरचा पातळ लेप तेवढा असतो. त्यामुळे चमकत्या बाजूला जपणाऱ्याने वरच्या बाजूवर टोकदार बॉलपेनने नाव लिहिले, तरी माहिती कायमची जाऊ शकते. डीव्हीडी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून बनते आणि माहिती त्यांच्या मधोमध सुरक्षित राहते. काठाकडे निरखून पाहिले, तर सांध्याची रेघही दिसते. गाण्याच्या सीडीवर लहानसा ओरखडा पडला, तर प्लेअर तेवढा भाग सावरून घेतो. सॉफ्टवेअरचा एक सेक्टर, म्हणजे माहितीचा एक छोटा तुकडा, वाचता आला नाही, तर इन्स्टॉलेशन तिथेच अडते. हातोहात फिरणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी डीव्हीडीची ही रचना मला तिच्या क्षमतेइतकीच मोलाची वाटते.

क्षमतेच्या आकड्यांतही फसगत होते. सीडीवर छापलेले ७०० मेगाबाइट १०२४ च्या हिशेबाने मोजलेले असतात, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ७३ कोटी ७३ लाख बाइट. डीव्हीडीवरचे ४.७ गिगाबाइट मात्र १००० च्या हिशेबाने मोजलेले असतात. तीच चकती विंडोजमध्ये ४.३७ गिगाबाइट दाखवते. छापील आकड्यांवर विसंबून विंडोजच्या हिशेबाने ४.५ गिगाबाइटची इमेज (चकतीवर जाणारे सगळे सामावलेली एकच फाइल) तयार केली आणि संगणकाने ती मावत नाही असे सांगितले, तर दोष चकतीचा नसतो. वेगाचेही तसेच आहे. सीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट, डीव्हीडीचा १ एक्स त्याच्या सुमारे नऊपट. म्हणून १६ एक्स डीव्हीडी ड्राइव्ह ५२ एक्स सीडी ड्राइव्हपेक्षा कितीतरी जास्त माहिती वाचतो.

आता वितरणाकडे वळू. जून २००५ मध्ये आलेले डेबियन ३.१ संपूर्ण हवे असेल, तर १४ सीडी लागत किंवा २ डीव्हीडी. चौदा सीडी राइट करून त्या तपासणे आणि इन्स्टॉल करताना मागितलेल्या क्रमांकाची सीडी शोधून घालणे हे काम ज्याने केले असेल, त्याला डीव्हीडीची बाजू पटवून द्यावी लागत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अॅपलने मॅक ओएस एक्स टायगर डीव्हीडीवर आणले, पण जुन्या मॅकवाल्यांना थोडे शुल्क भरून सीडी बदलून घेण्याची सोय ठेवली. विंडोज व्हिस्टाही डीव्हीडीवर आले आणि सीडी वेगळ्या मागवाव्या लागल्या. उबुंटूने मात्र सगळी प्रणाली एकाच सीडीवर बसवण्याचा नियम पाळला आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या १२.१० आवृत्तीत तो सोडला.

उबुंटूच्या त्या नियमाचा फायदा होता, तशी किंमतही होती. एका कामासाठी एकच प्रोग्राम निवडण्याची शिस्त त्यातून लागली, आणि शिपइट योजनेतून घरपोच मोफत येणाऱ्या सीडी जवळपास कोणत्याही संगणकावर चालत. मात्र जागेअभावी मोजक्याच भाषांचे पूर्ण पॅक सीडीवर मावत आणि बाकीचे इंटरनेटवरून उतरवून घ्यावे लागत. मराठीतून संगणक वापरू पाहणाऱ्याला ही अडचण सोसावी लागे, आणि तीही अशा काळात की २००४ च्या भारत सरकारच्या धोरणात ब्रॉडबँडची किमान गती सेकंदाला २५६ किलोबिट धरली होती. त्या गतीने एक भरलेली सीडी उतरवायला पुरते सहा तास लागतात आणि डीव्हीडीला जवळजवळ एक्केचाळीस, तेही जोडणी एकदाही तुटली नाही तर.

इथेच खरा पेच आहे. ज्याच्याकडे इंटरनेट नाही किंवा संथ आहे, त्याला सगळे काही सामावलेली मोठी चकती सर्वांत जास्त हवी असते. आणि त्या काळी बहुधा त्याच्याच जुन्या संगणकात फक्त सीडी ड्राइव्ह असे. त्यामुळे "डीव्हीडीवर जावे का" याचे एकच होकारार्थी किंवा नकारार्थी उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. संगणक सुरू करून मूळ प्रणाली बसवणारी पहिली चकती सीडीच ठेवावी आणि उरलेला पॅकेजांचा, म्हणजे बाकीच्या प्रोग्रामांचा, मोठा साठा डीव्हीडीवर द्यावा. पहिली चकतीच वाचली गेली नाही, तर माणूस दारातच अडतो. साठ्याची चकती वाचता आली नाही, तर निदान चालू संगणक हाताशी असतो आणि बाकीचे दुसऱ्या वाटेने मिळवता येते. डेबियनने दोन्ही प्रकारच्या इमेज बरोबरीने दिल्या, तेच धोरण मला सर्वांत न्याय्य वाटते.

डीव्हीडीनंतर आलेल्या ब्लू-रे या चकतीच्या बाबतीत हाच निकष लावला, तर उत्तर वेगळे येते. ४०५ नॅनोमीटरच्या लेझरमुळे तिच्या एका थरात २५ गिगाबाइट मावतात, आणि फेब्रुवारी २००९ च्या डेबियन ५.० पासून ब्लू-रे इमेजही मिळू लागल्या. पण ब्लू-रे ड्राइव्ह घरोघरच्या संगणकांत कधी पोहोचलाच नाही आणि त्याच सुमारास यूएसबी पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करणे सर्वसामान्य झाले. ग्राहकाकडे वाचायचे साधन आधीपासून नसेल, तर सॉफ्टवेअरपुरती ती चकती निरुपयोगी असते, मग तिच्यात कितीही मावो.