एका अरुंद बेटावरच्या दोन रेल्वे कंपन्या

मुंबईच्या दादर स्थानकात डिसेंबर २०२३ पर्यंत एक क्रमांकाचे दोन फलाट होते, एक पश्चिम रेल्वेचा आणि दुसरा मध्य रेल्वेचा. आता पश्चिमेचे क्रमांक कायम ठेवून मध्य रेल्वेचे फलाट ८ पासून मोजले जातात. ती दुहेरी मोजणी दोन खासगी कंपन्यांचा वारसा होती.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, म्हणजे जीआयपीने, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी नेली. पुढे तिचे रूळ घाट चढून वऱ्हाडच्या कापसापर्यंत गेले. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, अर्थात बीबीसीआय, गुजरातकडून दक्षिणेला सरकत १८६४ मध्ये ग्रँट रोडला पोहोचली. बेट अरुंद असल्याने परळ-दादर भागात दोघींचे मार्ग अगदी शेजारी आले, तरी स्थानके वेगळीच बांधली गेली.

तंत्रज्ञानाची अडचण मुळीच नव्हती. दोघींच्या रुळांमधील अंतर ५ फूट ६ इंचच होते आणि विजेच्या गाड्या आल्या तेव्हाही, जीआयपीवर १९२५ मध्ये व बीबीसीआयवर १९२८ मध्ये, दोघींनी १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाहच वापरला. वेगळे होते ते भागधारक, जमिनी आणि हिशेब. माझ्या मते मुंबईच्या स्थानकांचा नकाशा अभियंत्यांपेक्षा यांनीच अधिक आखला. वास्तुरचनाकार मात्र दोघींना एकच लाभला: व्हिक्टोरिया टर्मिनस आणि चर्चगेटसमोरचे १८९९ मधले बीबीसीआयचे मुख्यालय, दोन्ही फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचेच.

१९५१ मध्ये मध्य आणि पश्चिम रेल्वे स्थापन झाल्या. दोन्ही सरकारी असूनही जुनी सीमा टिकली आणि ती ओलांडण्याचा भार पादचारी पुलांवर राहिला. मध्य रेल्वेचे परळ आणि पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) ही स्थानके एकमेकांना लागून आहेत. गिरण्यांच्या जागी कार्यालये उभी राहिली, दोन्हींकडची गर्दी वाढत गेली, पण त्यांना जोडणारा पूल अरुंदच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी, पावसामुळे लोक त्या पुलावर थांबून राहिले असताना जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ प्रवाशांचा जीव गेला. लष्कराने बांधलेला नवा पूल पुढच्या फेब्रुवारीत खुला झाला.