एअरगनची दुर्बीण निवडताना काय पाहावं?

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून ओळखीतली मुलं विचारतात, एअरगनवर कुठली दुर्बीण लावू? सोबत फोटो असतो २४ पट, ५० मिलिमीटर भिंगाच्या भल्यामोठ्या नळीचा. खरं तर स्वप्नीलच्या ५० मीटर प्रकारात काय किंवा १० मीटर एअर रायफलमध्ये काय, दुर्बिणीला परवानगीच नाही. तिथे बारीक छिद्रातून नेम धरतात. पण हौसेने कागदी लक्ष्यावर सराव करणाऱ्याने दुर्बीण जरूर घ्यावी, मात्र ती लहान आणि हलकी असावी.

दुर्बिणीचं पुढचं भिंग लक्ष्याची प्रतिमा नळीच्या आत तयार करतं. नेमाची फुलीही आतच असते, पण एका ठरलेल्या जागी. साध्या रायफलच्या बहुतेक दुर्बिणी १०० यार्डांसाठी, म्हणजे ९१ मीटरसाठी जुळवलेल्या असतात. समजा, भिंगाचं नाभीय अंतर १५० मिलिमीटर आहे. ९१ मीटरवरच्या लक्ष्याची प्रतिमा भिंगापासून १५०.२५ मिलिमीटरवर पडते, तर १० मीटरवरच्या लक्ष्याची १५२.३ वर. फुली आणि प्रतिमा यांत दोन मिलिमीटरची फट राहिली! बाइकवर मागे बसून स्पीडोमीटर वाचला तर काटा भलत्याच आकड्यावर दिसतो, तसंच इथे होतं. डोळा जरा सरकला की फुली लक्ष्यावरून सरकते. हाच पॅरॅलॅक्स.

चूक जास्तीत जास्त किती होते? भिंगाची त्रिज्या गुणिले (१ वजा लक्ष्याचं अंतर भागिले जुळवलेलं अंतर). नाभीय अंतर या सूत्रातून चक्क गळून जातं, उरते ती भिंगाची त्रिज्या. ४×३२ दुर्बिणीत, म्हणजे चार पट मोठं दाखवणाऱ्या आणि ३२ मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीत, डोळा मध्यापासून चार मिलिमीटर, म्हणजे बाहेर येणाऱ्या प्रकाशझोताच्या कडेपर्यंत ढळला, तर १० मीटरवर नेम १४ मिलिमीटर चुकतो. दहा गुणांचा नेम धरलेला छरा पाच गुणांच्या वर्तुळात! ५० मिलिमीटर भिंगात ही चूक २२ पर्यंत जाऊ शकते.

‘मोठं भिंग, जास्त उजेड’ ही जाहिरात दिवसा निरर्थक आहे. ४×३२ मधून आठ मिलिमीटर रुंद प्रकाशझोत बाहेर येतो आणि उन्हात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते. उरलेला प्रकाश वाया.

वजनाचा मुद्दा स्प्रिंगच्या बंदुकीत येतो. पिस्टन पुढे सुटताना बंदूक मागे जाते, आणि दाबलेल्या हवेवर तो आदळला की पुढे हिसका बसतो. दुर्बीण जड असेल तर या दुहेरी धक्क्याने माउंटमधून, म्हणजे बंदुकीवर ती धरून ठेवणाऱ्या पकडीतून, घसरते, कधी आतली फुलीही तुटते.

तेव्हा साडेतीनशे ग्रॅमच्या आसपासची, एअरगनसाठीच बनवलेली आणि १० मीटर इतक्या जवळही फोकस होणारी दुर्बीण मागा. दुकानात ती टेबलावर घट्ट टेकवा, १० मीटरवरच्या एखाद्या खुणेवर फोकस करा आणि डोकं हळूच डावी-उजवीकडे हलवा. फुली खुणेवरून हलली, तर दुसरी दाखवायला सांगा.