पार्श्वभूमी: संत्र्याची साल, चोथा आणि तंतू

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात संत्र्यांची आवक वाढली की पुण्यातल्या ज्यूसवाल्यांकडे सालींच्या गोणी साचतात. रस काढल्यावर फळाचं जवळजवळ निम्मं वजन मागे उरतं. उटण्यासाठी साल वाळवणं, लिंबाचं सालासकट लोणचं घालणं जुनंच. सालीतल्या पेक्टिनला, म्हणजे जॅम थिजवणाऱ्या पदार्थाला, नाव मिळालं १८२५ मध्ये आणि हेस्पेरिडिन हे सालीतलंच दुसरं रसायन वेगळं केलं गेलं १८२८ मध्ये, दोन्ही फ्रान्समध्ये.

‘आहारातील तंतू’ ही संज्ञा मात्र १९५३ची. आफ्रिकेत काम केलेल्या ब्रिटिश डॉक्टरांनी सत्तरच्या दशकात ती गाजवली. मराठीत तिचा ‘चोथा’ झाला आणि घोटाळा इथेच आहे. चोथा म्हटलं की ऊस चघळून थुंकलेला भुसा डोळ्यांपुढे येतो. पेक्टिन तर पाण्यात विरघळतं! सालीच्या आतला पांढरा भाग आणि बिया फडक्यात बांधून उकळा, त्या पाण्यात लिंबाचा रस आणि साखर घालून आटवा. गार झाल्यावर ते थिजतं. हातात एकही धागा येत नाही, तरीही हा तंतूच, कारण आपल्या लहान आतड्यातल्या पाचकरसांना तो दाद देत नाही.

२००९च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येने हाच निकष धरला, पण एक भेद केला. अन्नात मुळातच असलेला तंतू सरळ मोजायचा. तोच काढून दुसऱ्या पदार्थात घातला, तर शरीराला होणारा फायदा दाखवावा लागेल. माझ्या मते ही अट योग्यच होती. साखरेच्या तीन ते नऊ घटकांच्या छोट्या साखळ्या तंतूंत मोजायच्या की नाही, हे मात्र प्रत्येक देशावर सोडलं. त्यामुळे एकाच पदार्थाच्या पाकिटावरचा तंतूंचा आकडा देशागणिक बदलू शकतो. वेगळ्या काढलेल्या पेक्टिनला अमेरिकेने २०१६ मध्ये तंतू म्हणून मान्यता दिली.

अँटिऑक्सिडंटची, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या पदार्थांची, गोष्ट याहून घाईची. १९३६ मध्ये लिंबातल्या फ्लेवोनॉइडांना (हेस्पेरिडिन ज्या गटात येतं, त्या वनस्पतींतल्या रसायनांना) ‘व्हिटॅमिन पी’ म्हटलं गेलं. १९५०च्या सुमारास ते नाव मागे पडलं, कारण ती जीवनसत्त्वं ठरली नाहीत. पुढे परीक्षानळीतल्या क्षमतेवरून पदार्थांना गुण देणारी अमेरिकी सरकारी यादी निघाली. जाहिरातींनी ते आकडे उचलले आणि २०१२ मध्ये ती यादीच काढून टाकावी लागली: नळीतला गुण शरीरात तसाच उतरतो, याला आधार नव्हता. सालीच्या पावडरच्या पाकिटांवर ‘अँटिऑक्सिडंट’ मात्र आजही ठळक अक्षरांत असतं, आणि तंतू मागच्या बाजूला, बारीक टाइपात.