पाणी खोलीतलंच, वाट चुकलेलं

विंडो एसीतून खोलीत पाणी गळतं, ही पावसाळ्यातली नेहमीची तक्रार. ती समजून घ्यायला दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची एक खोली घेऊ. पणजीतली, म्हापशातली, वास्कोतली, कुठलीही. जूनच्या सुरुवातीला खोलीत तापमान ३० अंश सेल्सियस आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर त्या रिकाम्या दिसणाऱ्या हवेत सव्वाआठशे ग्रॅमच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात असतं. तीच हवा २४ अंशांवर आणि ५० टक्के आर्द्रतेवर आणायची तर त्यातलं जवळपास अर्धा लिटर पाणी काढून टाकावं लागतं. बरं, एकदा काढून भागत नाही. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते, माणसं घाम गाळतात, श्वास सोडतात, खिडकीच्या फटी तर असतातच. दीड टनाचा विंडो एसी अशा दिवसांत तासाला एक-दोन लिटर पाणी सहज काढतो.

म्हणजे एसीतून पाणी येतं ही तक्रारच नव्हे. ते यायलाच हवं. भिंतीच्या कुठल्या बाजूला पडतं, एवढाच प्रश्न.

मुळात या यंत्राचा जन्मच पाणी काढण्यासाठी झाला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात उन्हाळ्याच्या दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. १९०२ साली विलिस कॅरियर या पंचविशीतल्या इंजिनियरने थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातला ओलावा काढायची यंत्रणा त्यासाठी आखली. माणसांना गार वाटावं हा हेतू नंतरचा.

विंडो एसीची पुढची जाळी आणि फिल्टर काढला की ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची दाट रांग दिसते. त्यांच्यातून तांब्याच्या नळ्या आरपार गेलेल्या असतात. चालू एसीत हा कॉइल साधारण आठ-दहा अंशांवर असतो आणि वर सांगितलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, आहे २६ अंश. फ्रीजमधून काढलेल्या सोड्याच्या बाटलीला घाम फुटतो, तेच इथे तासन्‌तास चालू असतं. थेंब पत्र्यांवरून ओघळून खालच्या ट्रेमध्ये पडतात, तिथून एका अरुंद चरातून मधल्या पडद्याखालून मागच्या भागात जातात. मागे दुसरा कॉइल असतो, तो गरम. बऱ्याच मॉडेलमध्ये तिथल्या पंख्याच्या पात्यांना बाहेरून एक कडी जोडलेली असते. ती तळाचं पाणी उचलून गरम कॉइलवर उडवते. पाण्याची वाफ होते, कॉइल थंड होतो, विजेची थोडी बचत होते. एसीच्या मागून येणारा छपछप आवाज तो हाच. त्याला घाबरून मेकॅनिकला बोलावू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र वाफ होऊनही पाणी उरतं, ते मागच्या नळीतून बाहेर पडतं.

या सगळ्या प्रवासात पंप कुठेही नाही. पाणी जातं ते निव्वळ उताराने, तोही किती, तर एसीची मागची बाजू पुढच्यापेक्षा सहा ते बारा मिलिमीटर खाली. जुन्या घरातल्या लाकडी चौकटीचा आतला पाट कुजून जरा दबला की संपलं, पाणी सरळ पलंगावर. गवंड्याची पाणसळ एसीच्या पेटीवर ठेवून बघा. नसेल तर मोबाइलमधली चालेल. उतार फार वाढवणंही बरं नाही, मग मागे पाणी साचून पंख्याची कडी त्यात खोल बुडते.

उतार ठीक असेल तर मी आधी एकच गोष्ट विचारतो: पाणी नेमकं कधी येतं? निदानाचा अर्धा भाग या उत्तरात असतो.

एसी चालू केल्यावर थोड्या वेळाने संततधार सुरू होऊन ती चालूच राहत असेल, तर वाट तुंबलेली आहे. त्या चरात बुळबुळीत, करडा-तपकिरी थर साचतो. लोक त्याला शेवाळ म्हणतात, पण शेवाळाला उजेड लागतो आणि तिथे तर अंधार. हा जिवाणू आणि बुरशीचा थर असतो; धूळ, कातडीचा कोंडा, स्वयंपाकघरातून आलेला तेलाचा अंश यांवर तो पोसतो. बाहेरच्या नळीचं तोंड तुंबवणारा आणखी एक कारागीर आपल्याकडे आहे, कुंभारमाशी. एसी काही दिवस बंद राहिला की तिला ते आयतं बीळ मिळतं. तारेने टोकरलं की मातीचं वाळलेलं ढेकूळ निघतं, ते फोडलं तर आत अर्धमेल्या कोळ्यांचा साठा. तिच्या अळीची शिदोरी!

साफसफाईआधी प्लग काढा. नुसता रिमोटने एसी बंद करून भागत नाही. जाळी आणि फिल्टर काढून ट्रेमध्ये मगभर पाणी हळूहळू ओता आणि ते मागे जातंय का बघा. अडत असेल तर वाकवलेली जाड तार किंवा जुना ब्रश चरात फिरवा, मग कोमट साबणपाणी. ब्लीच ओतायचा मोह टाळा, तो ॲल्युमिनियम आणि तांबं दोन्ही खातो. मागची पेटी उघडायच्या फंदात तर पडूच नका. तिथल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही भार शिल्लक असतो.

दुसरा प्रकार जास्त फसवा. एसी चालू असताना टिपूस नाही, खोलीही फारशी गार होत नाही, आणि बंद केला की थोड्या वेळात भळाभळा पाणी. इथे कॉइलवर बर्फ जमलेला असतो. तो वितळताना ट्रेत न पडता कसाही खाली येतो. मेकॅनिक लगेच म्हणतो, ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल.’ कधीकधी ते खरंही असतं. नळीतला दाब घटला की तिथे द्रवरूपात आलेला गॅस आणखी कमी तापमानाला उकळतो आणि नळी शून्याच्या खाली जाते. कमी गॅसने बर्फ जास्त, हे ऐकायला उलटं वाटलं तरी खरं आहे. पण फिल्टर धुळीने माखला असेल तरी नेमकं हेच होतं, कारण कॉइलला ऊब देणारी खोलीतली हवा त्याच्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा आधी फिल्टर धुवा आणि बर्फ पूर्ण वितळेपर्यंत एसी बंद ठेवा. पुन्हा बर्फ धरला तर जाळीतून बघा: सगळ्या कॉइलवर सारखा पसरला असेल तर संशय हवेच्या अडथळ्यावर, एकाच बाजूला धरून बाकीचा कॉइल कोरडा असेल तर गॅसवर. आणि गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरून घेणं म्हणजे पुढच्या वर्षीच्या बिलाची आगाऊ तयारी.

गोव्यात एसी लवकर खराब होण्याचं एक खास कारण आहे. कळंगुट, मिरामार, कोलवा अशा किनारी भागांत वारा मिठाचे सूक्ष्म कण आणतो. मीठ सुमारे ७५ टक्क्यांच्या पुढच्या आर्द्रतेत हवेतलंच पाणी ओढून त्यात विरघळतं, त्यामुळे कॉइलवर खारट पाण्याचा पातळ थर रात्रभर टिकतो. तांबं, ॲल्युमिनियम आणि मधे खारं पाणी: झाली बॅटरी तयार. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. पत्र्यांवर पांढरी पूड दिसते ती त्याचीच. तळाचा लोखंडी पत्राही असाच गंजून भोक पडतं, आणि मग उतार कितीही अचूक ठेवा, पाणी मधूनच गळतं. किनाऱ्यावरच्या घरांत वर्षातून निदान दोनदा कॉइल गोड्या पाण्याने धुवून घ्यावेत. धुणारा पाण्याचा जोर जास्त ठेवणार नाही, एवढं बघा. पत्रे लगेच वाकतात.

जाळीतून थंड वाऱ्याबरोबर बारीक तुषार उडत असतील तर फटी तपासा. पेटी आणि चौकट यांच्यामधला फोम गेलेला असतो, किंवा बाहेरची हवा आत घेण्याची पुढची छोटी खटकी उघडी राहिलेली असते. ही खटकी कशासाठी आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पावसाळ्यात ती बंदच हवी.

एसी बंद असतानाही पाणी येत असेल, तर ते पावसाचं. नैऋत्येचा वारा पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस आडवा मारतो, त्यावर छज्जा वाढवणं किंवा बाहेरून झावळ्यांचं झाप लावणं एवढाच उपाय.

बाहेर पडणारं पाणीही भिंतीवर सोडू नका. भिंतीतला जांभ्या दगडाचा चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो, आणि महिन्याभराने आतल्या गिलाव्याला लोणा धरतो. नळी लांबवून बादलीत सोडा. ते पाणी झाडांना चालतं, फरशी पुसायला चालतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र ओतू नका. आपल्या हवेतलं मीठ त्यात उतरलेलं असतं.