लॉरीन नीडेकर : आटवत नेलेली कविता

आजोबांनी सांगितलं, काहीतरी कसब शीक. मी शिकले टेबलाशी बसून आटवायला. या कारखान्यातून कुणाला कामावरून काढत नाहीत. अमेरिकन कवयित्री लॉरीन नीडेकरच्या ‘पोएट्स वर्क’ या कवितेत एवढंच आहे. कारखान्यासाठी तिने घेतलेला शब्द ‘कंडेन्सरी’, म्हणजे दूध आटवून डब्यात भरण्याची जागा. विस्कॉन्सिन हे अमेरिकेतलं दुधाचं राज्य, त्यामुळे हा शब्द तिला शोधावा लागला नाही. तो गावातलाच होता. आणि मराठी वाचकाला तर ‘आटवणं’ वेगळं समजवायला नको. कढईशी उभं राहून ढवळत राहायला किती वेळ लागतो आणि शेवटी हाती किती थोडं उरतं, हे घरोघरी ठाऊक आहे.

तिचा जन्म 1903 चा, विस्कॉन्सिनमधल्या फोर्ट अ‍ॅटकिन्सन गावाजवळचा. रॉक नदीकाठच्या ब्लॅक हॉक आयलंड या सखल, पुराच्या जागेत ती वाढली. वडील मासेमारी करत, आईला ऐकू येईनासं झालं होतं. बेलॉइट कॉलेजात दोन वर्षं काढून ती शिक्षण अर्धवट सोडून घरी परतली.

पुढचं वळण एका मासिकामुळे आलं. फेब्रुवारी 1931 मध्ये शिकागोच्या ‘पोएट्री’ मासिकाचा एक अंक कवी लुई झुकोफ्स्कीने संपादित केला. ‘ऑब्जेक्टिव्हिस्ट’ हे नाव तिथून रूढ झालं. भावनेचा पसारा नको, वस्तू नेमकी दिसू दे, शब्दाला स्वतःचं वजन असू दे, असा त्या कवींचा आग्रह होता. तो अंक वाचून लॉरीनने झुकोफ्स्कीला पत्र लिहिलं आणि तो पत्रव्यवहार पुढे जन्मभर चालला. म्हणून तिला ‘झुकोफ्स्कीची शिष्या’ म्हणून मोकळं होण्याची सवय समीक्षेत दिसते. मला ती अन्यायाची वाटते. सुरुवातीच्या तिच्या प्रयोगांत स्वप्न आणि अर्धवट जाणिवेची ओढ आहे, आणि ती तिची स्वतःची आहे. 1935 सालच्या एका कॅलेंडरच्या पानांवर स्वतःच्या हस्ताक्षरातल्या छोट्या कविता चिकटवून तिने ते झुकोफ्स्कीला भेट दिलं होतं. छापील सुविचारांच्या जागी या विचित्र, तुटक ओळी! प्रयोग म्हणजे काय, हे त्या कॅलेंडरकडे पाहून कळतं.

पहिलं पुस्तक ‘न्यू गूज’ 1946 चं. बालगीतांची लय आणि 1930 च्या दशकातल्या महामंदीच्या काळातल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची बोली त्यात एकत्र येते. त्यानंतर 15 वर्षं एकही पुस्तक नाही. या काळात ती दुग्धव्यवसायाला वाहिलेल्या ‘होर्ड्स डेअरीमन’ या नियतकालिकात मुद्रितं तपासत होती. डोळे साथ देईनात, तेव्हा ते काम सुटलं. 1957 पासून 1963 पर्यंत तिने गावच्या इस्पितळात झाडूपोछ्याचं काम केलं. आसपासच्या बहुतेकांना ती कविता लिहिते याचा पत्ताच नव्हता.

दुसरं पुस्तक ‘माय फ्रेंड ट्री’ 1961 मध्ये निघालं, तेही दूर स्कॉटलंडमधून. 1963 मध्ये अल मिलेनशी लग्न झालं आणि नोकरीचा काच गेला. 1966 मध्ये दोघांनी मोटारीने लेक सुपीरियर या सरोवराला फेरी मारली. तिने खडक, खनिजं, जुने फ्रेंच प्रवासी यांच्यावर ढीगभर टिपणं काढली आणि त्यांतून काढली ती ‘लेक सुपीरियर’ ही जेमतेम काही पानांची कविता. प्रत्येक सजीवात कधीकाळी खडक असलेलं काहीतरी आहे, अशी तिची सुरुवात आहे. रक्तातलं लोह आणि डोंगरातलं लोह तिथे एकच होतं. ही तिची सर्वांत थोर कविता, असं माझं मत.

‘नॉर्थ सेंट्रल’ (1968), ‘टी अँड जी’ (1969), ‘माय लाइफ बाय वॉटर’ (1970) ही पुस्तकं मग पाठोपाठ आली. नोव्हेंबर 1970 मध्ये कवी सिड कॉर्मन भेटायला आला आणि त्याने तिचं काव्यवाचन टेपवर उतरवून घेतलं. तिच्या आवाजाचं तेवढंच ध्वनिमुद्रण आहे. 31 डिसेंबरला ती गेली. तिचं समग्र लेखन जेनी पेनबर्थी यांच्या संपादनाखाली एकत्र आलं ते 2002 मध्ये.