सामरिक भाष्य

आंतरराष्ट्रीय सुरक्षा, संरक्षण आणि परराष्ट्र धोरण या विषयांवर जाणकारांनी लोकांसमोर केलेले विवेचन. राजाला किंवा मंत्रिमंडळाला बंद दाराआड दिलेला सल्ला या संज्ञेत धरत नाहीत. नावानिशी मांडलेले, कोणालाही तपासता व खोडता येईल असे लेखन किंवा व्याख्यान तेवढे भाष्य ठरते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः भारतातील परंपरेचा विचार केला आहे.

उगम : भारतात या परंपरेचा आरंभ कोठून धरावा, याबद्दल मतभेद आहेत. एक मत तिला थेट कौटिलीय अर्थशास्त्रापर्यंत नेते. शेजारचा राजा शत्रू आणि त्याच्या पलीकडचा मित्र मानणारा मंडलविचार, तसेच संधी (तह), विग्रह (युद्ध), आसन (स्वस्थ राहणे), यान (चढाई), संश्रय (बलवंताचा आश्रय) व द्वैधीभाव (एकाशी तह, दुसऱ्याशी युद्ध) हे षाड्गुण्य, म्हणजे परराष्ट्रनीतीचे सहा उपाय, यांचा दाखला त्यासाठी दिला जातो. मात्र या ग्रंथाचा काळच वादग्रस्त आहे. मुंबईत अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे र. पं. कंगले यांनी परंपरागत मौर्यकालीन तिथी ग्राह्य धरली. टॉमस ट्राउटमन यांनी १९७१ मध्ये शब्दयोजनेच्या संख्याशास्त्रीय तपासणीवरून ग्रंथ एकाहून अधिक हातांचा असल्याचे मांडले. अलीकडील अभ्यासक त्याची घडण इसवी सनाच्या आगेमागे, टप्प्याटप्प्याने झाली असे मानण्याकडे झुकतात. शिवाय आर. शामशास्त्री यांच्या हाती हस्तलिखित आले ते १९०५ च्या सुमारास आणि संहिता छापली गेली १९०९ मध्ये. त्यामुळे आधुनिक भाष्यकारांपर्यंत ही परंपरा अखंड पोहोचली, असे म्हणणे कठीण आहे.

मराठी वाचकाला अधिक जवळचा पुरावा म्हणजे आज्ञापत्र. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या या ग्रंथाचा काळ सामान्यतः इ. स. १७१५-१६ मानतात. फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच) इत्यादी टोपीकर, म्हणजे युरोपीय व्यापारी, हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत आणि त्यांना भूमीचा लोभ आहे. म्हणून वखारीसाठी त्यांना समुद्रकिनारी जागा देऊ नये, अशी त्यात ताकीद आहे. व्यापारी कंपनी आणि तिच्यामागची राज्यसत्ता यांचा संबंध इतक्या स्पष्टपणे ओळखणारे देशी लेखन त्या काळात विरळाच. तरीही हा ग्रंथ राज्यकर्त्यासाठी लिहिला गेला. वरील व्याख्या काटेकोर लावली तर तो राजनीतीत मोडतो, भाष्यात नव्हे.

दुसरे मत ब्रिटिशकालीन संस्थांपासून आरंभ धरते. कर्नल चार्ल्स मॅकग्रेगर यांनी १८७० मध्ये सिमल्याला युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन स्थापन केली. परंतु तिचे नियतकालिक लष्करी अधिकाऱ्यांपुरते होते. १९४३ मध्ये तेजबहादूर सप्रू यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स उभी राहिली, तर १९४५ मध्ये के. एम. पणिक्कर यांनी हिंदी महासागराचे भारताच्या संरक्षणातील स्थान मांडले. भाष्याचा सार्वजनिक आरंभ येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

या वादाला १९९२ मध्ये नवे वळण लागले. रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेचे जॉर्ज टॅनहॅम यांनी भारतीय अभिजनांमध्ये राष्ट्रीय सामरिक विचार पद्धतशीरपणे झालेला दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. त्याचे खंडन करणाऱ्यांनी बहुधा कौटिल्याचाच आधार घेतला. पण लिखित सिद्धांत नसणे आणि विचारच नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा आक्षेप अधिक वजनाचा आहे.

संस्थात्मक रूप : १९६२ चा पराभव, ऑक्टोबर १९६४ मधील चीनची अणुचाचणी आणि १९६५ चे पाकिस्तानशी युद्ध या पार्श्वभूमीवर, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना ११ नोव्हेंबर १९६५ रोजी दिल्लीत संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये तिला गोव्याचे माजी मुख्यमंत्री व माजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले. संस्था स्वायत्त असली तरी तिला निधी संरक्षण मंत्रालयाकडून मिळतो.

१९६८ मध्ये तिचे संचालक झालेले के. सुब्रह्मण्यम हे या क्षेत्रातील सर्वांत प्रभावी नाव. मार्च १९७१ अखेरीस पूर्व पाकिस्तानातील उठावाविषयी बोलताना, भारतापुढे अशी संधी पुन्हा येणार नाही, अशा आशयाचे मत त्यांनी जाहीरपणे मांडले. पाकिस्तानी लेखक आजही ते भारत सरकारच्या पूर्वनियोजित हेतूचा पुरावा म्हणून देतात. सरकारने मात्र त्यांचा तातडीच्या कारवाईचा आग्रह तेव्हा स्वीकारला नाही. युद्ध डिसेंबरमध्ये झाले. भाष्यकाराचे मत हेच सरकारचे मत समजण्याची चूक या क्षेत्रात वारंवार होते. तिचे हे ठळक उदाहरण. १९९९ मध्ये देऊ केलेला पद्मभूषण त्यांनी, नोकरशहा व पत्रकार यांनी सरकारी सन्मान घेऊ नयेत, या भूमिकेतून नाकारला.

भाष्य आणि धोरण यांतील अंतर अण्वस्त्र धोरणात नेमके मोजता येते. सुब्रह्मण्यम निमंत्रक असलेल्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाचा अण्वस्त्र धोरणाचा मसुदा १७ ऑगस्ट १९९९ रोजी प्रसिद्ध झाला. ४ जानेवारी २००३ रोजी सरकारने जाहीर केलेल्या धोरणात प्रथम वापर न करण्याचे तत्त्व कायम राहिले. पण प्रत्युत्तर 'प्रचंड' असेल असा शब्द आला आणि भारतावर किंवा भारतीय सैन्यावर रासायनिक वा जैविक शस्त्रांचा मोठा हल्ला झाल्यास अण्वस्त्रांनी उत्तर देण्याचा पर्याय राखून ठेवण्यात आला. या दोन बदलांवरच पुढील वीस वर्षांतील बरेचसे भाष्य खर्ची पडले.

साधने : दप्तरे बंद असणे ही या लेखनाची सर्वांत मोठी अडचण आहे. १९६२ च्या युद्धावरील हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल १९६३ मध्ये सादर झाला, पण सरकारने तो अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी २०१४ मध्ये त्याचा काही भाग उघड केला. याउलट सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल आढावा समितीचा अहवाल, काही भाग वगळून, २००० मध्ये संसदेपुढे ठेवला गेला. त्यानंतर गुप्तवार्ता यंत्रणांवरील चर्चेचा दर्जा सुधारला, यात शंका नाही. व्यापारी उपग्रहांची छायाचित्रे मिळू लागल्यापासून, विशेषतः २०१७ चा डोकलाम तिढा व २०२० चा गलवान संघर्ष या वेळी, सरकारी निवेदनांपलीकडे जाऊन सीमेवरील बांधकामे पडताळणे अभ्यासकांना शक्य झाले.

मराठीत : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आणि मुंबईतील गेटवे हाउस (२००९) ही राज्यातील प्रमुख केंद्रे, त्यांचे बरेचसे लेखन इंग्रजीत होते. मराठी भाष्य प्रामुख्याने संपादक व निवृत्त सैन्याधिकारी यांच्या लेखणीतून आले. गोविंद तळवलकर यांचे सोव्हिएत रशियावरील लेखन त्यात अग्रगण्य. परिभाषा अद्याप स्थिरावलेली नाही. 'स्ट्रॅटेजी'साठी व्यूहरचना, रणनीती व सामरिक नीती हे शब्द सरमिसळ वापरले जातात. त्यांपैकी व्यूहरचना हा मुळात रणांगणावरील मांडणीचा शब्द. 'डिटरन्स' म्हणजे उलट फटक्याच्या भीतीने शत्रूला हल्ल्यापासून परावृत्त करणे; त्यासाठी प्रतिरोध आणि निवारण असे पर्याय आढळतात. निवारणात धमकीचा अंश उरत नाही आणि प्रतिरोध हल्ला झाल्यानंतरचा भासतो. त्यामानाने 'धाक' हा साधा शब्द मूळ अर्थाच्या अधिक जवळ जातो.